अनिश्चित काळ आणि शिलकेची नीति

द्रव्य मिळवावें कसें व खर्चावें कसें, या दोन प्रश्नांचा ऊहापोह आपल्या नीतिकारांनीं व संतांनीं पुष्कळ केलेला आहे. परंतु मिळविल्यानंतर आणि खर्चण्यापूर्वी जें द्रव्य मध्यंतरीं शिल्लक राहतें, त्याचें काय करावें, या तिसऱ्या प्रश्नाकडे तितकें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. याचें कारण उघड आहे. ज्या समाजांत बहुतेकांपाशीं शिल्लक उरतच नव्हती, आणि उरली तर ती सोन्याच्या रूपानें घरांतील स्त्रियांच्या अंगावर किंवा जमिनीच्या रूपानें गांवच्या शिवारांत जाऊन बसत असे, तेथें हा प्रश्न निराळा म्हणून उपस्थित होण्याचें प्रयोजन नव्हतें. आज स्थिति पालटली आहे. मार्च २०२० मध्यें या देशांत शेअर धारण करण्याचीं डिमॅट खातीं सुमारे ४ कोटी होतीं. पुढील चार वर्षांत तीं १५ कोटींवर गेलीं. याचा अर्थ असा कीं, पूर्वी ज्या गोष्टी दलालांच्या पेढीवर बोलल्या जात, त्या आतां पाटावरच्या पंक्तींत बोलल्या जाऊं लागल्या आहेत.

काळ अनिश्चित झाला म्हणजे हें बोलणें अधिकच वाढतें. महागाई, साथी, दूरदेशचीं युद्धें, नोकरीची अशाश्वती, यांपैकीं एखादें संकट डोकावूं लागलें कीं जो तो विचारतो, ‘पैसा कोठें ठेवावा? शेअरमध्यें कीं घरजमिनींत?’ या प्रश्नाचें उत्तर देणारे जाणते पुष्कळ आहेत, व तें देण्याचा आमचा अधिकार नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हांला विचारावयाचा प्रश्न याच्या अलीकडचा आहे. पैसा कोठें ठेवला असतां तो वाढेल, हें पाहण्यापूर्वी, तो ज्या अनिश्चिततेंत आपण घालतों, त्या अनिश्चिततेचा भार शेवटीं कोण वाहतो, हें पाहण्याचें कर्तव्य गृहस्थावर आहे कीं नाहीं? आमच्या मतें आहे. आणि गुंतवणुकीच्या नीतीचें सारें मर्म याच एका प्रश्नांत सांठविलेलें आहे.

या विषयावर दोन टोकाचीं मतें ऐकूं येतात. पहिलें मत असें कीं, श्रमावांचून मिळणारा पैसा तेवढा सर्व जुगार. या मताला परंपरेचा आधार आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील द्यूतकाराच्या सूक्तांत फांसे टाकून शेत नांगरण्याचा उपदेश आहे, आणि त्या जुगाऱ्याच्या घराची जी दैना तेथें वर्णिली आहे ती आजहि ओळखीची वाटेल. दुसरें मत बाजारांतील मंडळींचें. कायद्यानें जें वर्ज्य नाहीं तें करण्यांत नीतीचा प्रश्न येतोच कोठें, असें ते विचारतात.

हीं दोन्ही मतें आम्हांला अपुरीं वाटतात. पहिल्या पक्षाचे लोक हें विसरतात कीं, शिल्लक बाळगणाऱ्या मनुष्याला अलिप्त राहण्याची सोयच नाहीं. त्यानें पैसा बँकेंत ठेवला तर बँक तो दुसऱ्या कोणास तरी उद्योगासाठीं देते. म्हणजे गुंतवणूक होतेच, फक्त ती करणारा दुसरा असतो. पेटींत ठेवला तर महागाई तो हळूहळू खाते, आणि कोणाच्याहि उपयोगीं पडल्यावांचून तो झिजतो. शिवाय, श्रमाखेरीज दुसरें कांहीं जगाला लागत नाहीं हेंहि खरें नव्हे. नवी गिरणी, नवा रस्ता, नवें औषध यांचें फळ मिळेल कीं नाहीं हें आधीं कोणालाच ठाऊक नसतें. अशा वेळीं ‘बुडाले तर माझे बुडोत’ असें म्हणून पुढें होणारा कोणी तरी लागतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यानें १९२१ सालीं असा भेद केला कीं, ज्या धोक्याचें गणित मांडतां येतें तो निराळा आणि जिचें गणितच मांडतां येत नाहीं ती अनिश्चितता निराळी. पहिल्याचा विमा उतरवितां येतो. दुसरी कोणाला तरी अंगावर घ्यावीच लागते, आणि नफा हा तिचा मोबदला होय. हें मान्य केलें तर दुसऱ्या पक्षाचेंहि उत्तर त्यांतच मिळतें. अनिश्चितता अंगावर घेणें हें जर नफ्याचें समर्थन असेल, तर जो नफा स्वतः घेतो आणि अनिश्चितता मात्र दुसऱ्याच्या गळ्यांत बांधतो, त्याच्या नफ्याचें समर्थन उरत नाहीं; मग कायदा कांहींहि म्हणो.

हें तत्त्व कोरडें वाटूं नये म्हणून आपल्याच मुंबईचें एक जुनें उदाहरण घेऊं. शेअर आणि जमीन या दोहोंचीं भुतें एकाच वेळीं या शहराच्या मानेवर बसलीं होतीं असा तो काळ आहे. १८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद पडला, आणि गुजराथ, खानदेश, वऱ्हाड येथील कापसाला पूर्वी कधीं न मिळालेला भाव आला. मुंबई बंदरांतून कापूस गेला आणि त्याच्या मोबदल्यांत चांदीसोन्याचा पूर आला. हा पैसा जावा कोठें? नव्या बँका निघाल्या, नव्या पतमंडळ्या निघाल्या, आणि समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांतील बॅक बे कंपनीचा ५ हजारांचा शेअर जवळजवळ ५० हजारांपर्यंत चढला. जी जमीन अद्याप पाण्याखालीं होती तिच्या कागदावर लोक घरेंदारें लावीत होते. दिनशा वाच्छा यांनीं तरुणपणीं हा काळ डोळ्यांनीं पाहिला होता, व १९१० मध्यें आपल्या इंग्रजी पुस्तकांत त्याची साद्यंत हकीकत त्यांनीं लिहून ठेविली आहे.

पुढें काय झालें तें प्रसिद्ध आहे. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपत आल्याची वार्ता आली, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ या दिवशीं वायद्याच्या सौद्यांची मुदत भरली तेव्हां देणें चुकविण्यास कोणापाशींच पैसा नव्हता. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० साली स्थापन झालेली, सरकारचे स्वतःचे शेअर जींत होते अशी प्रतिष्ठित बँक. १८६३ च्या कायद्यानें तिचे कर्जाचे निर्बंध सैल केले होते, व शेअरच्या तारणावर तिनें सढळ हातानें कर्जें दिलीं होतीं. तिचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता तो ८७ रुपयांवर आला, आणि १८६८ मध्यें ती बँक मोडीत निघाली.

या प्रकरणांतून ‘सट्टा वाईट’ एवढाच धडा काढणें म्हणजे तें वाया घालविणें होय. पहिली गोष्ट अशी कीं, त्या कल्पना खोट्या नव्हत्या. मुंबईला जमीन हवी होती, आणि पुढें विसाव्या शतकांत त्याच बॅक बेंतील समुद्र हटवून मरीन ड्राइव्ह उभा राहिला. वस्तु खरी होती. भाव खोटा होता. दुसरी गोष्ट अशी कीं, तीं माणसें दुष्ट नव्हतीं. त्या काळचे सर्वांत मोठे सटोडिये प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा आहे. अशा दानशूर पुरुषाच्या हातूनहि जें घडलें तें केवळ लोभाच्या नांवावर टाकून मोकळें होतां येत नाहीं.

तिसरी गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची. तो भार शेवटीं कोणाच्या खांद्यावर गेला? सरकारी बँक म्हणून निर्धास्तपणें जिचे शेअर ज्यांनीं घेतले, ज्यांनीं स्वतः कधीं वायद्याचा सौदा केला नव्हता, ते बुडाले. १८६४ च्या गणतींत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजार होती. १८७२ मध्यें ती ६ लाख ४४ हजार भरली. पोटासाठीं आलेला मजूर, काम संपतांच, निमूटपणें परत गेला असला पाहिजे. आणि हा भार घाट चढून देशावरहि आला. तेजीच्या दिवसांत कुणब्याला सावकाराकडून कर्ज सहज मिळत होतें. भाव उतरल्यावर तीच पत आखडली आणि जुनीं खतें मात्र व्याजासह वाढत राहिलीं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतपत्रें जाळलीं. त्या दंग्यांचीं कारणें अनेक होतीं, वाढलेला सारा हें त्यांतील एक मोठें; परंतु तेजींत सैल सुटलेली व मंदींत आवळलेली पत हेंहि त्यांत होतें. मुंबईच्या पेढीवर जी बेफिकिरी रुजली, तिचें पीक अशा रीतीनें सुप्याच्या बाजारांत कापलें गेलें. अनिश्चितता ही पाण्यासारखी आहे. तिला अडविणारा कोणी नसला तर ती उताराकडे धांवते, आणि समाजाच्या उतारावर नेहमीं दुबळा मनुष्य उभा असतो.

हें सर्व जुनें झालें, आतां कायदे कडक झाले, असें कोणी म्हणेल. कायदे झाले हें खरें. रोखेबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या संस्थेला १९९२ मध्यें कायद्याचा अधिकार मिळाला, व घरबांधणीच्या धंद्यासाठीं २०१७ पासून महाराष्ट्रांत महारेरा आहे. तथापि पाण्याचा उतार बदललेला नाहीं. २०१९ च्या सप्टेंबरांत पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले, तेव्हां प्रथम प्रत्येक ठेवीदाराला अवघे १ हजार रुपये काढण्याची मुभा होती. कारण बँकेच्या कर्जांपैकीं फार मोठा भाग एकाच बांधकाम-समूहाकडे गुंतला होता. ज्या निवृत्त शिक्षकानें किंवा विधवेनें ‘आपल्याला शेअरची भानगड नको’ म्हणून तेथें ठेव ठेविली असेल, ती व्यक्ति नकळत जमिनीच्या सट्ट्यांत उतरलेली होती. आणि सेबीनें २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, शेअरच्या वायदे-व्यवहारांत तीन वर्षांत उतरलेल्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांना तोटा झाला. एकूण तोट्याचा आंकडा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून मोठा होता. येथें तर गिरणी उभी राहत नाहीं कीं रस्ता होत नाहीं. एकाचा तोटा हाच दुसऱ्याचा नफा, आणि तो तोटा बहुधा कमी जाणणाऱ्याचा.

घरजमिनीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. तेथें पैसा डोळ्यांसमोर विटामातीच्या रूपानें उभा असतो, त्यामुळें तेथील व्यवहार आपल्या लोकांना शेअरपेक्षां सात्त्विक वाटतो. पण जमिनीची किंमत वाढते ती बहुधा मालकाच्या श्रमानें नव्हे; रस्ता होतो, आगगाडी येते, शेजारीं माणसें राहावयास येतात, म्हणून ती वाढते. जॉन स्टुअर्ट मिल यानें एकोणिसाव्या शतकांतच हें दाखवून अशा वाढीवर समाजाचा हक्क सांगितला होता. मिलइतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. स्वतःच्या राहण्यासाठीं घर घेणाऱ्यास, किंवा भाड्यानें देण्यासाठीं दुसरें घर घेणाऱ्यासहि, आम्ही दोष देत नाहीं. तो एका कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर घालतो. प्रश्न येतो तो कुलूप लावून ठेवलेल्या घराचा. २०११ च्या जनगणनेंत या देशाच्या शहरी भागांत सुमारे १ कोटी ११ लाख घरें रिकामीं आढळलीं, आणि त्याच जनगणनेंत बृहन्मुंबईच्या दर पांच माणसांपैकीं दोन झोंपडपट्टींत राहत असल्याचें दिसलें. मालकाचें भय अगदींच पोकळ नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर गोठविलीं, आणि भाडेकरू उठत नाहीं हा अनुभव दोन पिढ्यांनीं घेतला. परंतु मालकाच्या मनांतील अनिश्चितता टाळण्याची किंमत, ज्याला त्या घरांत राहतां आलें असतें असा एखादा तिऱ्हाईत गृहस्थ रोज दोन तास गाडींत लोंबकळून भरीत असतो, एवढें तरी मालकानें जाणावें.

आतां एका अवघड शंकेचा विचार केला पाहिजे. अनिश्चित काळांत सर्व लोक भयानें विकत असतां जो धीरानें विकत घेतो, त्याचें कृत्य नीतीचें कीं परपीडेवर जगण्याचें? २३ मार्च २०२० या दिवशीं मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक ३,९३४ अंशांनीं कोसळून २६ हजारांच्या खालीं आला. २१ जानेवारी २०२१ रोजीं त्यानेंच ५० हजारांची रेषा ओलांडली. त्या दहा महिन्यांत ज्यांनीं विकलें ते भेकड आणि ज्यांनीं घेतलें ते धीरोदात्त, असें बोलण्याची चाल पडली आहे. आमच्या मतें घेणाऱ्याचा दोष नाहीं. विकणाऱ्याला त्या दिवशीं रोकड हवी होती व घेणाऱ्यानें ती दिली. सर्वांनींच हात आखडता घेतला असता तर विकणाऱ्याची स्थिति याहून वाईट झाली असती. दोष असलाच तर तो त्यानंतरच्या अभिमानांत आहे. ज्याच्या घरीं वर्षाचें धान्य भरलेलें, नोकरी सुरक्षित आणि औषधाला पैसा बाजूला काढलेला, त्याला धीर धरणें सोपें होतें. ज्याचें दुकान बंद पडलें, ज्याच्या घरीं आजारी माणूस होतें, त्यानें विकलें तें भेकडपणामुळें नव्हे. ज्याला आपण सद्गुण म्हणतों तो पुष्कळदां सुस्थितीचें फळ असतो, आणि ही जाणीव ठेवणें हा मात्र खरा सद्गुण होय. ज्याला धीर परवडला, त्याच्यावर ज्यांना तो परवडला नाहीं त्यांचें कांहीं ऋण राहतें. तें कसें फेडावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु तें नाहींच असें म्हणूं नये.

येथवर परक्यांचा विचार झाला. परंतु अनिश्चिततेचा भार सर्वांत आधीं ज्यांच्यावर ढकलला जातो तीं माणसें आपल्या घरांतच असतात. मुलीच्या शिक्षणाचा पैसा, म्हाताऱ्या आईच्या शस्त्रक्रियेसाठीं ठेवलेली रक्कम, पत्नीचे दागिने, हीं कर्त्या पुरुषाच्या हातीं असलीं तरी त्याच्या एकट्याच्या मालकीचीं नसतात. त्यांतून शेअर घेतांना किंवा पगाराच्या निम्म्याहून मोठा हप्ता वीस वर्षें भरण्याच्या बोलीवर घर घेतांना, तो केवळ आपलाच नव्हे तर त्या सर्वांचा भविष्यकाळ पणास लावतो. द्यूतसभेंत धर्मराजानें जें केलें त्यांतील खरा अन्याय हरण्याचा नव्हता. जिला विचारलें नाहीं तिला पणास लावण्याचा होता. आज पुष्कळ घरांत गृहिणी स्वतः मिळवत्या आहेत, तरीहि पैशाचे निर्णय एकाच खोलींत, एकाच माणसाकडून होतात आणि त्यांचे परिणाम मात्र सर्व खोल्यांतून भोगावे लागतात. अनिश्चितता पत्करण्याचा अधिकार प्रत्येकाला आपल्या वाट्यापुरता आहे. दुसऱ्याचा वाटा घालावयाचा तर त्याची संमति पाहिजे, आणि संमति म्हणजे नफ्याचा आंकडा सांगून मिळविलेला होकार नव्हे, तोट्याचा आंकडा सांगून मिळविलेला होकार होय.

सुप्याचा उल्लेख वर केला आहे. त्याच पुणें जिल्ह्यांत देहू आहे. तुकोबांचें घराणें महाजनकीचें होतें, आणि १६३० च्या सुमाराच्या घोर दुष्काळानंतर त्यांनीं आपल्या वाट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं, अशी परंपरा आहे. त्या परंपरेंतील एका बारकाव्याकडे फारसें लक्ष जात नाहीं. भावाच्या वाट्याचीं खतें त्यांनीं भावाकडे दिलीं. बुडविलीं तीं फक्त स्वतःच्या वाट्याचीं. काळ फिरला तेव्हां त्याचा भार ऋणकोवर न लोटतां त्यांनीं तो स्वतः घेतला, आणि तो घेतांना भावाच्या प्रपंचावरहि लोटला नाहीं. सुप्यास ऋणकोंनीं धनकोंचे कागद जाळले, देहूस धनकोनें आपलेच कागद बुडविले. या दोन गोष्टींमधील अंतर हेंच समाजाच्या नीतीचें माप आहे. संसारी माणसानें तुकोबा व्हावें अशी कोणाची अपेक्षा नाहीं. त्यानें शेअर घ्यावे, घर बांधावें, म्हातारपणाची तरतूद करावी. तें त्याचें कर्तव्यच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, खरेदीच्या कागदावर सही करण्यापूर्वी, हा बेत फसला तर कोणाच्या ताटांतील अन्न कमी होईल, हें त्यानें स्वतःला विचारावें. उत्तर ‘माझ्या’ असें आलें तर त्यानें हिशेब पाहून खुशाल पुढें जावें. उत्तर दुसऱ्या कोणाचें नांव घेऊन आलें, तर त्या माणसाला आधीं विचारावें. आणि विचारण्याचा धीर होत नसेल, तर कागद तसाच ठेवून द्यावा.